सोलापूरच्या कामगाराच्या तीन भाषा

सोलापूरहून पुण्याच्या वाटेला लागलं, की केगावचं विद्यापीठ मागे पडतं आणि पुढे चिंचोळी एमआयडीसीच्या पाट्या दिसू लागतात. पाळी सुटताना इथल्या कारखान्यांच्या गेटपाशी मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी एकदमच कानावर पडतात. फोनवर बायकोशी तेलुगूत बोलणारा माणूस त्याच दमात सुपरवायझरला मराठीत उत्तर देतो. सोलापूरकराला यात नवल वाटत नाही. स्मृती आणि भाषेचा अभ्यास करणारे मात्र नेमकं हेच समजून घेण्यासाठी गेली काही दशकं झटत आहेत.

ही सरमिसळ एमआयडीसीच्या कितीतरी आधीची. १८७७च्या सुमारास सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, तिलाच पुढे सगळे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. त्याच सुमारास, १८७६-७७च्या दुष्काळानं दख्खनमधली गावंच्या गावं उठवली होती. निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं एकोणिसाव्या शतकात इथे येत राहिली आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. पुरुष मागावर, बायका कांड्या भरायला किंवा विड्या वळायला. घरात तेलुगू, गिरणीत आणि बाजारात मराठी, अक्कलकोटकडून येणाऱ्यांची कन्नड, शेजारच्या मोहल्ल्यात दखनी. यातली एखादी भाषा कुणी वर्गात बसून शिकलं असेल, बाकीच्या कामानं आणि शेजारानं शिकवल्या. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, काम अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमागांवर आणि चिंचोळीसारख्या वसाहतींत गेलं. भाषाही कामगारांबरोबर तिथे गेल्या.

या कसबाला विद्या म्हणून मान मात्र मिळाला नाही, आणि मानसशास्त्रानंही सुरुवातीला उलटाच कौल दिला. १९२३ साली वेल्समधल्या मुलांच्या चाचण्या घेऊन डी. जे. सेअर यांनी दोन भाषा बोलणारी ग्रामीण मुलं बुद्धीत मागे पडतात असं मांडलं. १९६२ साली मॉन्ट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी मुलांची आर्थिक-सामाजिक परिस्थिती सारखी ठेवून तुलना केली, तेव्हा द्विभाषिक मुलं पुढे निघाली. आधीच्या अनेक चाचण्यांनी भाषेच्या नावावर गरिबीच मोजली होती.

भारतात हा प्रश्न अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध आदिवासींमध्ये नेला. एकच जमात, पण काही भागांत कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी, तर काही भागांत फक्त ओडिया. दोन्ही भाषा टिकवलेली मुलं भाषेकडे जरा अंतरावरून पाहण्यात सरस ठरली.

सोलापूरच्या सर्वांत जवळचा पुरावा हैदराबादचा आहे. न्यूरॉलॉजिस्ट सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या निम्स रुग्णालयात ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. निरक्षर रुग्णांमध्येही हा फरक टिकला, म्हणजे त्याचं श्रेय शाळेला देता येत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या भाषेनं त्यात वेगळी भर पडलेली दिसली नाही. सगळ्या देशांतल्या अभ्यासांत असाच निष्कर्ष निघालेला नाही, वाद चालू आहे. पण तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्या हैदराबादी कष्टकऱ्यांचं भाषिक जग सोलापूरच्या पूर्व भागाशी जवळचं नातं सांगतं.

वाचनाची गोष्ट आणखी बारीक आहे. पाटीवरचा 'चिंचोळी' हा शब्दच घ्या. पहिल्या अक्षरातला ऱ्हस्व इकार बोलताना 'च'च्या मागून येतो, पण कागदावर 'च'च्या आधी उभा असतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात अशा शब्दांपाशी वाचन अडखळतं असं दाखवलं. तेलुगू लिपीत हाच इकार अक्षराच्या डोक्यावर बसतो. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन तेलुगूत खाली उतरतं, देवनागरीत ते बहुधा शेजारी चिकटतं. सोलापूर महापालिकेच्या मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा आहेत. त्यातल्या तेलुगू शाळेतलं मूल रस्त्यावरची मराठी पाटी वाचतं, तेव्हा त्याची नजर अक्षरांचा हा सगळा क्रम नव्यानं लावून घेत असते. अशा मुलाला वाचायला थोडा वेळ लागला, तर त्याला कच्चं ठरवण्याआधी शिक्षकानं हे काम ओळखायला हवं.

पूर्व भागात ज्यांनी तरुणपणी धोटा चालवला, विड्या वळल्या, ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. हैदराबादला जे विचारलं गेलं, ते सोलापूरच्या शासकीय रुग्णालयातही विचारता येईल: घरात कोणती भाषा, कामावर कोणती, कितव्या वर्षापासून, विसरभोळेपणा कधी जाणवू लागला. चिंचोळीच्या वाटेवरच्या विद्यापीठानं या नोंदी घेण्याचं काम या पिढीच्या हयातीतच हाती घ्यायला हवं.