कमरेचे व्याकरण

लॅटिन बॉलरूम नृत्याच्या वर्गात नवशिक्याला पहिल्याच दिवशी मिळणारी सूचना बहुधा त्याला गोंधळात टाकते. तो आलेला असतो कंबर हलवायला शिकण्यासाठी, आणि शिक्षक सांगतो, 'कंबर हलवू नका.' पाऊल टाका, शरीराचा भार त्यावर पूर्णपणे जाऊ द्या, गुडघा सरळ करा. कंबर जिथे जायची तिथे आपोआप जाईल. खांद्यांबाबतही तेच. ते समपातळीत ठेवा, उचलू नका. हालचाल व्हायची ती त्यांच्या खाली, बरगड्यांच्या भागात होऊ द्या. ज्या नृत्याची सारी ख्याती कमरेवर उभी आहे, त्याचे शिक्षण कमरेचे नाव टाळून सुरू होते. हा विरोधाभास केवळ अध्यापनाच्या सोयीचा आहे, की त्यामागे काही इतिहास आहे?

आधी शारीर बाजू पाहू. मराठीत आपण 'कंबर लचकते' असे सैलपणे म्हणतो; प्रत्यक्षात हलतो तो कमरेखालचा नितंबाचा भाग. रुंबा नाचताना ज्या पायावर भार असतो त्याचा गुडघा सरळ आणि मोकळ्या पायाचा किंचित वाकलेला असतो. साहजिकच भार पेलणाऱ्या बाजूचा नितंब वर, बाहेर आणि मागे सरकतो, दुसरी बाजू खाली उतरते. पुढच्या पावलाला भूमिका बदलतात. हा सारा डोलारा जर तसाच वर गेला, तर धड लोलकासारखे हेलकावे खाईल. ते टाळण्यासाठी बरगड्यांचा पिंजरा उलट दिशेने वळवावा लागतो. खालचा भाग एकीकडे, वरचा दुसरीकडे, आणि मधल्या कण्याला पीळ. पाहणाऱ्याला जी लय दिसते ती या पिळातून येते. नुसती कंबर हलवणारा विद्यार्थी विनोदी का दिसतो, याचेही उत्तर इथेच आहे: त्याच्या पायांनी आणि धडाने त्या हालचालीला आधारच दिलेला नसतो.

तेव्हा 'कंबर हलवू नका' ही सूचना शास्त्रशुद्ध आहे. पण तीच सूचना बॉलरूमच्या इतिहासात एकदा वेगळ्याच अर्थाने दिली गेली होती, हे विसरता येत नाही.

१९१४ साली व्हर्नन आणि आयरीन कॅसल या न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध नर्तक दांपत्याचे 'मॉडर्न डान्सिंग' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात योग्य नाचण्याविषयीच्या नियमांमध्ये कंबर हलवू नये, खांदे हलवू नयेत, अंग पिळू नये, असे बजावले होते. निषेधाचा रोख उघड होता. रॅगटाइमच्या तालावर 'टर्की ट्रॉट'सारखी नृत्ये लोकप्रिय झाली होती. त्यांतील हालचालींचे मूळ आफ्रिकी-अमेरिकी समाजात होते आणि सभ्य दिवाणखान्यांना त्यांची धास्ती वाटत होती. कॅसल दांपत्याने ही नृत्ये 'सोज्वळ' करून मध्यमवर्गाच्या हाती दिली. विशेष म्हणजे त्यांच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व जेम्स रीस युरोप या कृष्णवर्णीय संगीतकाराकडे होते. ताल हवा होता. त्या तालाला प्रतिसाद देणारी कंबर नको होती.

लंडनमध्ये याच वृत्तीला संस्थात्मक रूप आले. १९२० साली 'डान्सिंग टाइम्स'चे संपादक फिलिप रिचर्डसन यांच्या पुढाकाराने नृत्यशिक्षकांची परिषद भरली आणि चित्रविचित्र पदन्यासांना आळा घालण्याचा विचार झाला. पुढे वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो यांची प्रमाण रूपे ठरली, परीक्षा सुरू झाल्या. बोली अनेक असताना एक प्रमाण भाषा कशी घडते, हे जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये.

अशा या नेटक्या घरात कंबर शिरली ती क्यूबाच्या वाटेने. १९३० साली डॉन अस्पियासू यांच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये 'एल मानिसेरो' हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि 'रुंबा'ची लाट उसळली. मात्र या नावातच एक घोटाळा होता. क्यूबामध्ये रुंबा म्हणजे हवाना आणि मातान्सास इथल्या गोदीत आणि कष्टकऱ्यांच्या चाळवजा वस्त्यांच्या अंगणात, ढोल आणि गायन यांच्या साथीने वाढलेली आफ्रो-क्यूबन नृत्ये: याम्बू, ग्वाग्वांको, कोलुम्बिया. परदेशी नृत्यगृहांत पोहोचले ते मुख्यतः 'सोन' या निराळ्या, जोडीने नाचायच्या नृत्याचे सौम्य रूप. नाव एकाचे आणि चाल दुसऱ्याची, अशी ही गफलत पुढे कायमची रुजली.

या नव्या पाहुण्याला लंडनच्या शिक्षकांनी आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवले, अक्षरशः चौकटीत. पावले चौकोनात टाकायची आणि आरंभ पहिल्या मात्रेवर करायचा. या मांडणीत कंबर हलवायची तर ती वरून चिकटवावी लागे. मूळचे फ्रेंच, पण लंडनमध्ये स्थायिक झालेले शिक्षक पिएर झ्यूर्शे-मार्गोल ऊर्फ 'मस्यू पिएर' १९४७ साली हवानाला गेले, आणि आपण शिकवतो ते क्यूबन लोक नाचतच नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. तिथे पाऊल पडत होते दुसऱ्या मात्रेवर. दोन, तीन, चार या मात्रांवर पावले. आणि पुढच्या 'एक'वर पाऊल नाही. त्या रिकाम्या वाटणाऱ्या मात्रेत भार स्थिरावतो, नितंब आपली फेरी पूर्ण करतो. म्हणजे कंबर कशी हलते हा प्रश्न खरे तर ती केव्हा हलते हा होता. ज्यांनी पहिल्या मात्रेवर पाऊल टाकले त्यांनी कमरेला जागाच ठेवली नव्हती.

पिएर आणि त्यांच्या सहकारी डोरिस लावेल यांनी ही पद्धत लंडनमध्ये मांडली, तेव्हा मोठा वाद झाला. चौकोनी रुंबाचे समर्थक आणि क्यूबन पद्धतीचे समर्थक यांच्यातील या झगड्याला नृत्यजगतात 'रुंबा युद्ध' असेच म्हणतात. अखेर क्यूबन पद्धत टिकली. १९६१ साली वॉल्टर लेअर्ड यांचे लॅटिन नृत्याच्या तंत्रावरील पुस्तक आले आणि पाऊल, भार, वळण, मात्रा यांचे कोष्टकबद्ध वर्णन उपलब्ध झाले. कॅसल यांच्या निषेधानंतर अर्ध्या शतकाच्या आतच कंबर परीक्षेचा विषय झाली.

तिला प्रवेश मिळाला. पण कोणत्या अटींवर? पहिली अट, तिने परिणाम म्हणून यायचे, कारण म्हणून नाही. मूळ उद्गम पाय आणि गुडघा. कंबर केवळ साक्ष. दुसरी अट, वरचे शरीर ताठ, उन्नत, बॅलेच्या आदर्शाला जवळचे राहायचे. ग्वाग्वांकोमधील नर्तकाचे गुडघे वाकलेले असतात, धड किंचित पुढे झुकलेले, खांदे आणि बरगड्या ढोलाशी स्वतंत्रपणे बोलणारे, आणि सारा ओढा जमिनीकडे. बॉलरूमच्या रुंबात पाय सरळ, मान लांब आणि ओढा वरच्या दिशेने. कमरेला मान्यता देताना वाकलेला गुडघा आणि बोलका खांदा मागे ठेवला गेला. स्वतः स्पर्धांत नाचलेल्या अभ्यासक ज्युलिएट मॅक्मेन्स यांनी २००६ च्या 'ग्लॅमर ॲडिक्शन' या ग्रंथात लॅटिन स्पर्धकांच्या अंगाला फासल्या जाणाऱ्या तपकिरी रंगाची कठोर चिकित्सा केली आहे. कातडीला दक्षिणेचा रंग आणि सांगाड्याला युरोपची शिस्त, ही विसंगती त्यातून नेमकी पुढे येते.

तरीही याला सरळसरळ चोरी म्हणून मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. कारण त्या आरोपामागे अनेकदा एक गोड गैरसमज दडलेला असतो: क्यूबन माणसाच्या कमरेत लय जन्मजात असते आणि युरोपियनाला ती शिकावी लागते. हे कौतुक दिसते, पण त्याने क्यूबन नर्तकाचे कौशल्य निसर्गाच्या खात्यावर जमा होते. अंगणातले मूलही शिकतच असते. पाहून, चुकून, थोरांची थट्टा सोसून. त्याच्या शिकण्याचे पुस्तक नसते, इतकेच. शिवाय प्रमाणीकरण ही फक्त लंडनची खोड नव्हती. लेअर्ड यांच्या पुस्तकानंतर वर्षभरातच, १९६२ साली, हवानामध्ये क्रांतीनंतरच्या शासनाच्या आश्रयाने राष्ट्रीय लोकनृत्य संच स्थापन झाला आणि अंगणातली रुंबा रंगमंचासाठी बांधली गेली. २०१६ साली युनेस्कोने क्यूबन रुंबाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. प्रश्न व्याकरण असावे की नसावे हा नाहीच. व्याकरण कोणत्या अवयवाला कर्ता मानते आणि कोणाला नुसते क्रियाविशेषण, हा आहे.

या संदर्भात नाट्यशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. भरताने शरीराची सहा अंगे मानली: शिर, हस्त, उर, पार्श्व, कटी आणि पाद. कटीच्या पाच क्रिया सांगितल्या: छिन्न, निवृत्त, रेचित, कंपित, उद्वाहित. उराच्या आणि पार्श्वाच्याही प्रत्येकी पाच. इथे कटी पायाची सावली नाही; ती स्वतंत्र अंग आहे, तिला स्वतःची नावे आहेत. ही तुलना 'आमच्याकडे हे आधीच होते' असे म्हणून मिरवण्यासाठी नाही. हे नाव देणाऱ्या परंपरेतही विशिष्ट जातींच्या स्त्रियांची कंबर पाहायची आणि त्यांनाच कमी लेखायचे, हे आपण केलेले आहे. तुलनेचा उपयोग इतकाच, की कमरेला 'परिणाम' मानणे हा शरीराचा नियम नसून एका संस्कृतीने काढलेला मधला मार्ग आहे, हे तिच्यामुळे स्पष्ट दिसते.

आता वर्गातल्या त्या विद्यार्थ्याकडे परत येऊ. त्याने शिक्षकाचे ऐकावेच. गुडघा सरळ केल्याशिवाय आणि बरगड्यांना उलट वळवल्याशिवाय त्याला हा नाच येणार नाही. पण 'हेच बरोबर' असे जेव्हा त्याला सांगितले जाईल, तेव्हा हे एका प्रमाण रूपापुरते बरोबर आहे आणि ते रूप १९४७ च्या एका प्रवासानंतर, भांडणांतून, ठरलेले आहे, एवढे त्याला ठाऊक असावे. व्याकरण शिकवणारे आपण तरी आपल्या विद्यार्थ्यांना शुद्ध रूपासोबत ते कोणाच्या तोंडचे होते, हे सांगतो का?