सेलम : चेटकिणी नसलेलं गाव

"सेलम? ते तामिळनाडूत ना? पोलादाचं?" आईने विचारलं.

जूनमध्ये आई, ताई, भावोजी आणि माझी नऊ वर्षांची भाची तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे बॉस्टनला आले होते. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं. मग भाचीने यूट्यूबवर कुठेतरी 'चेटकिणींचं गाव' पाहिलं आणि तिथे जायचंच म्हणून हट्ट धरला. ताईची एकच अट होती : "भीतीदायक काही नको. रात्री झोपत नाही ती."

मी होकार दिला. ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास, चालत फिरता येईल एवढं गाव, समुद्र आणि आइस्क्रीम. फॅमिली ट्रिपला अजून काय लागतं? ऑक्टोबरमध्ये हॅलोविनसाठी इथे दहा लाखांहून जास्त माणसं येतात, तेव्हा फिरकू नका. जूनमध्ये मात्र रस्ते मोकळे असतात. नॉर्थ स्टेशनवरून गाडी पकडली आणि अकराच्या आत सेलममध्ये उतरलो.

भाचीचा पहिला तास मजेत गेला. पोलिसांच्या गाडीवर झाडूवर बसलेल्या चेटकिणीचं चित्र आहे. इथल्या हायस्कूलच्या खेळाडूंच्या संघाचं नावच 'विचेस'. एसेक्स स्ट्रीटच्या एका कोपऱ्यावर 'बिविच्ड' या जुन्या टीव्ही मालिकेतल्या नायिकेचा ब्राँझचा पुतळा आहे, चंद्रकोरीसमोर झाडूवर बसलेली. २००५ साली तो बसवला तेव्हा गावात बराच वाद झाला होता. भाचीने त्याच्यासोबत सहा फोटो काढले. पुढे विच म्युझियमसमोर झगा आणि उंच टोपी घातलेला आणखी एक पुतळा दिसला. "हा चेटक्या!" ती ओरडली. तो चेटक्या नाही. तो रॉजर कोनंट, हे गाव वसवणारा माणूस. झगा आणि टोपी त्याच्या काळातल्या पोशाखाची. पण म्युझियमच्या दारात उभा असल्यामुळे येणारा जवळपास प्रत्येक जण त्याला चेटक्याच समजतो.

मला हे फार सूचक वाटलं. कपडे आणि जागा बघून आपण कुणालाही काहीही ठरवतो.

*

आता मूळ गोष्ट. १६९२ च्या जानेवारीत सेलम व्हिलेज नावाच्या वस्तीत, म्हणजे आजच्या डॅनव्हर्समध्ये, सॅम्युएल पॅरिस या पाद्र्याच्या घरात दोन मुली विचित्र वागायला लागल्या. मुलगी बेटी नऊ वर्षांची, भाची अॅबिगेल अकरा वर्षांची. अंग वाकडं करायच्या, किंचाळायच्या, कुणीतरी टोचतंय म्हणायच्या. डॉक्टरला काही सापडेना. शेजारच्या एका बाईने उपाय सुचवला : राईच्या पिठात मुलींची लघवी कालवून भाकरी भाजायची आणि कुत्र्याला घालायची, म्हणजे कुणी करणी केली ते कळेल.

हे मी सांगत होतो तेव्हा भाची "ईऽऽ" म्हणून हसत होती. आई हसली नाही. "आपल्याकडे मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकतात, तसंच की," ती म्हणाली.

मग मुलींना विचारायला सुरुवात झाली : कोण त्रास देतंय? सांगा, कोण? आधी तीन नावं आली. टिट्युबा, पाद्र्याच्या घरातली गुलाम. सेरा गुड, दारोदार मागून जगणारी, काही मिळालं नाही की पुटपुटत जाणारी. सेरा ऑस्बर्न, आजारी, चर्चला न जाणारी, जमिनीच्या भांडणात अडकलेली. तिघींच्याही बाजूने बोलायला कुणी पुढे येणार नव्हतं. पुढे मात्र आरोपांना धरबंध राहिला नाही. दीडशेहून जास्त लोकांवर ठपका आला. १९ जणांना फाशी झाली, चौदा बाया आणि पाच पुरुष. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या आसपासचा म्हातारा. त्याने खटल्याला सामोरं जायलाच नकार दिला, म्हणून त्याला आडवा पाडून अंगावर दगड रचत गेले, त्यातच तो मेला. निदान पाच जण तुरुंगात मेले. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकतो : सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. जाळणं युरोपातलं.

*

सेलमच्या खटल्यांबद्दल मी जेवढं वाचलं त्यात मला सगळ्यात भयानक वाटला तो पुरावा. आरोप असा असायचा की, बाई स्वतःच्या घरी झोपलेली असली तरी तिचं छायारूप येऊन मला गळा दाबतं. ते छायारूप फक्त पीडित मुलीला दिसतं. आता ती बाई बचाव काय करणार? मी तिथे नव्हते म्हटलं तर उत्तर तयार : शरीर नव्हतं, छाया होती.

दुसरी परीक्षा स्पर्शाची. झटके येत असलेल्या मुलीला आरोपीने हात लावायचा. झटके थांबले तर करणी तिचीच, ती परत अंगात गेली. आणि झटके कधी थांबवायचे हे मुलीच्याच हातात.

मी दिवसभर सॉफ्टवेअरच्या टेस्ट लिहितो. आमच्याकडे नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात की, जी टेस्ट कधी फेलच होऊ शकत नाही तिला अर्थ नसतो. सेलममध्ये तर त्याहून वाईट होतं. ज्यांनी कबुली दिली आणि आणखी नावं सांगितली, त्यांना त्या वर्षी फाशी दिलं नाही. मी निर्दोष आहे म्हणणारे लटकले. म्हणजे खोटं बोलायला बक्षीस आणि खऱ्याला शिक्षा. अशा व्यवस्थेत चेटकिणींची संख्या वाढतच जाणार. रिबेका नर्स ही ७१ वर्षांची धार्मिक, सगळ्यांना आदरणीय बाई. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवलं. मुलींनी कोर्टात आकांत केला, न्यायाधीशांनी ज्यूरीला पुन्हा विचार करायला पाठवलं, आणि निकाल फिरला. १९ जुलैला तिला फाशी झाली.

हे का घडलं, याची उत्तरं बरीच आहेत. सीमेवर मूलनिवासींशी आणि फ्रेंचांशी युद्ध चालू होतं, तिथून पळून आलेली माणसं गावात होती. वसाहतीची जुनी सनद रद्द झाली होती. गावात दोन तट होते आणि पाद्र्याच्या पगारावरून, सरपणावरून भांडणं होती. १९७६ मध्ये एका संशोधिकेने राईवर पडणाऱ्या अर्गट बुरशीमुळे मुलींना भास झाले असावेत अशी मांडणी केली. ती ऐकायला छान वाटते, पण बहुतेक इतिहासकारांना पटलेली नाही. बुरशीला दोष दिला की माणसं सुटतात, म्हणून ती आपल्याला आवडत असावी.

*

दुपारी विच हाउसला गेलो. नाव फसवं आहे. काळ्या लाकडाचं हे घर चेटकिणीचं नाही, जोनाथन कॉर्विन या न्यायाधीशाचं. खटल्यांशी थेट संबंध असलेली गावातली हीच एक इमारत आज उभी आहे. मुलांना आवडेल असं घर आहे : बुटकी छतं, मोठी चूल, जुनी भांडी. भाची चुलीसमोर रमली.

मग पीबडी एसेक्स म्युझियम. इथे एक सुखद धक्का बसला. १७९९ साली सेलमच्या जहाजांच्या कप्तानांनी 'ईस्ट इंडिया मरीन सोसायटी' काढली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नच्या पलीकडे जाऊन आलेल्यांनाच सभासदत्व. त्यांनी हिंदुस्तानातून, चीनमधून आणलेल्या वस्तूंतून हे म्युझियम उभं राहिलं. १७९६ मध्ये अमेरिकेत पहिला हत्ती आणला तो जेकब क्राउनिनशील्ड या सेलमच्याच कप्तानाने, बंगालमधून. हे ऐकल्यावर भाचीच्या दृष्टीने चेटकिणींचा भाव एकदम उतरला.

शेवटी स्मारक. चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून दगडी भिंतीचं छोटं आवार आहे. ते १९९२ मध्ये, घटनेला तीनशे वर्षं झाली तेव्हा उभारलं. भिंतीतून वीस दगडी बाकं बाहेर आलेली. प्रत्येकावर एक नाव, मृत्यूची रीत आणि तारीख. आत शिरताना पायाखालच्या दगडांवर आरोपींची वाक्यं कोरली आहेत, मी निर्दोष आहे असं सांगणारी. ती अर्ध्यावरच भिंतीखाली जातात. पलीकडच्या दफनभूमीत चौकशी करणारा जॉन हॅथॉर्न पुरलेला आहे. लेखक नॅथॅनियल हॉथॉर्न त्याच्याच वंशातला.

भाची प्रत्येक बाकावरचं नाव मोठ्याने वाचत गेली. सेरा गुडच्या बाकापाशी म्हणाली, "हिला मुलं होती?"

मी ताईकडे बघितलं. सेरा गुडला डॉरथी नावाची चार-पाच वर्षांची मुलगी होती. तिच्यावरही आरोप ठेवून तिला बेड्या घातल्या, कित्येक महिने तुरुंगात ठेवलं. तान्हं बाळ तुरुंगातच मेलं. सेराच्या नवऱ्याने आधी बायकोविरुद्ध साक्ष दिली होती. १७१० मध्ये त्यानेच भरपाईसाठी अर्ज करताना लिहिलं की मुलीचं डोकं तेव्हापासून ठिकाणावर नाही. त्याला तीस पाउंड मिळाले.

"होती, एक मुलगी," एवढंच मी म्हणालो. ताईची अट होती.

"मग ज्या मुलींनी खोटं सांगितलं, त्यांनी सॉरी म्हटलं?"

*

म्हटलं, पण एकीनेच. अॅन पटनम. १६९२ मध्ये ती बारा वर्षांची होती आणि सगळ्यात जास्त नावं घेणाऱ्यांपैकी एक. १७०६ मध्ये गावच्या चर्चमध्ये ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि पाद्र्याने तिचा माफीनामा वाचला. त्यात रिबेका नर्सचं नाव होतं. सैतानाने मला भुलवलं, माझ्या मनात कुणाचं वाईट नव्हतं, असंही होतं. म्हणजे माफीतही थोडी जबाबदारी सैतानावर ढकललेली. तरी ती उभी राहिली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.

भाची पुढच्या बाकाकडे पळाली. मी आईशेजारी बसलो आणि तिला एक गोष्ट सांगितली, जी मी कुणालाच सांगितली नव्हती.

मी नऊ वर्षांचा असताना मे महिन्यात आजोळी होतो. चोरून कैऱ्या खाल्ल्या, उलट्या झाल्या, ताप आला. आजी कपाळावर हात ठेवून विचारत होती, "कुणाच्या हातचं काय खाल्लंस का रं?" कैऱ्यांचं सांगितलं असतं तर मामाचा मार होता. मी म्हटलं, मागच्या आळीतल्या मावशींनी लाडू दिला. त्यांनी दिला होता, पण चार दिवसांपूर्वी. त्या एकट्या राहायच्या, मूलबाळ नव्हतं, म्हैस पाळायच्या. त्यांच्याबद्दल कुजबुज आधीपासून होतीच. मी फक्त नाव घेतलं. आजीने दृष्ट काढली, दुसऱ्या दिवशी मी बरा झालो, आणि म्हणून ते खरं ठरलं. आजीने त्यांच्या दुधाचा रतीब बंद केला. मग शेजारच्या दोन घरांनी केला. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. भावाकडे गेल्या म्हणे.

माझ्यामुळेच गेल्या का, हे मला सांगता येणार नाही. पण सेलमबद्दल वाचताना प्रत्येक वेळी मला तो लाडू आठवतो. आपण असल्या गोष्टी वाचताना स्वतःला फाशी गेलेल्यांच्या बाजूला उभं करतो. मी खाटेवर झोपलेल्या मुलाच्या जागी होतो.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लहान होतास रे."

"बेटीपण नऊचीच होती."

*

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक माणूस करणी करतो, रोग पसरवतो असं म्हणून त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्या कायद्यात माझ्या आजीचा रतीब बसणार नाही. तिने कुणाला मारलं नाही, शिवी दिली नाही, फक्त दूध घेणं थांबवलं. पण १६९२ मध्येही सुरुवात फासापासून नव्हती झाली. आजारी मुलांना "कोण?" असं विचारण्यापासून झाली.

परतीच्या ट्रेनमध्ये भाचीला तिच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर दिलं. सॅम्युएल सीवॉल या न्यायाधीशाने १६९७ मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये उभं राहून आपला दोष मान्य केला. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने कधीच केला नाही. १७११ मध्ये बावीस जणांवरचा ठपका पुसून भरपाई मंजूर झाली. १९५७ मध्ये आणखी एक ठराव झाला, २००१ मध्ये आणखी पाच नावं त्यात घातली. तरी एक राहिलीच होती : एलिझाबेथ जॉन्सन, बावीस वर्षांची, फाशीची शिक्षा झालेली पण वाचलेली. तिचं नाव प्रत्येक यादीतून सुटलं होतं. नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर ते शोधून काढलं, आमदारांना पत्रं लिहिली, आणि २०२२ मध्ये, सुमारे ३३० वर्षांनी, ती कायद्याने निर्दोष ठरली.

"आठवीच्या मुलांनी?" भाचीला हे हत्तीपेक्षाही आवडलं.

तुम्ही मुलांना घेऊन सेलमला गेलात तर झाडूवाल्या पुतळ्याबरोबर फोटो जरूर काढा. आइस्क्रीम खा, समुद्र बघा. पण ती वीस बाकं चुकवू नका, आणि मुलांनी प्रश्न विचारला तर हे आठवीच्या पोरांचं नक्की सांगा.

बॉस्टन जवळ आलं तेव्हा खिडकीबाहेर बघत आई म्हणाली, "त्या मावशींचा पुतण्या साताऱ्याला असतो बहुतेक. गेल्यावर नंबर शोधते."

मी हो म्हणालो. फोन लागला तर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते अजून जुळवतोय.