शकुंतलेच्या रुळांवर पीएमपीचा अभ्यास

पीएमपीचा अभ्यास करतोय असं कुणी सांगितलं की मी हल्ली एकच प्रश्न विचारतो, "तुझा प्रोजेक्ट कुठला?" समोरचा लगेच ऑफिसातलं नाव सांगतो. कुठल्यातरी बँकेचं मायग्रेशन वगैरे. तो नाही रे बाबा! अभ्यासाला धरलेला प्रोजेक्ट कुठला? ऑफिसातल्या प्रोजेक्टमध्ये आपण सहा-आठ महिने एका कोपऱ्यात बसून काम करतो. तो मुळात कशासाठी मंजूर झाला, करार काय झाला, शेवटी कागद कुणी बंद केले, यातलं आपल्याला काहीच दिसत नाही. आणि परीक्षा विचारते ती नेमकं तेच.

मी मूर्तिजापूरचा, त्यामुळे माझा प्रोजेक्ट ठरलेलाच होता. शकुंतला!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. १८६७ पर्यंत जीआयपी रेल्वेची मुंबईहून निघालेली मोठी लाइन मूर्तिजापूरवरून नागपूरला पोचली. पण कापूस काही फक्त लाइनीच्या कडेला पिकत नाही. तो कारंजा, दारव्हा, यवतमाळकडे पिकतो, आणि वर दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरकडे. तिथून स्टेशनपर्यंत बैलगाडी. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. पुढे १९१० मध्ये किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि मूर्तिजापूर मधोमध ठेवून दोन फाटे टाकले. दक्षिणेला यवतमाळ, ११३ किलोमीटर. उत्तरेला अचलपूर, ७६ किलोमीटर. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन या लाइनीवर १९२३ पासून थेट १९९४ पर्यंत धावलं. एप्रिल १९९४ मध्ये डिझेल आलं. लोकांनी गाडीला शकुंतला म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

आता पुस्तक उघडा. पीएमआयच्या पीएमबॉक गाइडच्या सहाव्या आवृत्तीत (२०१७) ४९ प्रक्रिया आहेत, आणि प्रत्येकीचे इनपुट, टूल्स, आउटपुट. बहुतेक जण हे तक्ते पाठ करत बसतात. पहिल्या आठवड्यात छान वाटतं. दुसऱ्या आठवड्यात सगळा भाजीपाला एकत्र होतो. याचं कारण जुनं आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं की निरर्थक अक्षरं पाठ केली तर ती किती झपाट्याने विसरली जातात. अर्थाचा खिळा नसेल तर तक्ता म्हणजे निरर्थक अक्षरंच की!

म्हणून खिळा हवा. रोज एक विषय घ्यायचा, पुस्तक मिटायचं आणि त्यावर शकुंतलेबद्दल दहा ओळी लिहायच्या. उदाहरणं देतो.

स्कोप आणि खर्च: अडीच फुटी गेज का? भराव अरुंद लागतो, वळणं जास्त तीव्र चालतात, रूळ हलके, म्हणजे लाइन स्वस्तात होते. पण मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीशी गेज जुळत नाही, म्हणजे प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायची. बांधताना वाचवलेला पैसा पुढे हमालीत रोज थोडा थोडा जातो. पुस्तकात 'प्रोजेक्टचा खर्च' आणि 'प्रॉडक्टच्या आयुष्यभराचा खर्च' हे दोन शब्द वेगळे का ठेवलेत ते इथे कळतं.

अर्न्ड व्हॅल्यू: आकडे मनाचे घ्या, चालतं. समजा यवतमाळ फाट्याचं बजेट किलोमीटरला एक लाख, एकूण ११३ लाख. आजपर्यंत ६० किलोमीटर व्हायला हवे होते, झाले ४८, आणि खर्च झाला ५४ लाख. मग वेळेचा निर्देशांक ४८ भागिले ६०, म्हणजे ०.८०. खर्चाचा ४८ भागिले ५४, म्हणजे साधारण ०.८९. याच गतीने गेलं तर पूर्ण लाइन पडणार सुमारे १२७ लाखांना. एकदा रुळांवर हे गणित केलं की ईव्ही वर की खाली हा गोंधळ पुन्हा होत नाही. झालेले रूळ नेहमी वर!

शेड्यूल: लाइन बांधायला घेतली तेव्हा क्रिटिकल पाथ नावाची भानगडच नव्हती. ती आली १९५७ च्या सुमारास, ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँडकडून. पर्ट त्याच काळात अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी बनलं. म्हणजे ही तंत्रं पाठ केल्याने रेल्वे बांधता येते असं नाही. पुलाआधी भराव की भरावाआधी पूल, हे डोक्यात असावं लागतं. तंत्र त्याची मांडणी देतं, बस.

स्टेकहोल्डर: इथे मात्र मी अडलो, म्हणजे विचारात पडलो. कागदावर चार घरं काढा, सत्ता आणि आस्था. कंपनी, जीआयपी, सरकार, कापसाचे व्यापारी यांना घरं पटापट मिळतात. मग दर्यापूरहून भाजीची पाटी घेऊन येणारी बाई? आस्था भरपूर, सत्ता शून्य. पुस्तकातलं उत्तर: 'माहिती देत राहा'. परीक्षेत हेच टिक करायचं, मार्क मिळतो. पण आमच्या भागात बस कमी आणि बसचं तिकीट जास्त, तिथे ही गाडीच गरिबाची गाडी होती. लाइन कापसासाठी टाकली आणि शेवटी तिला धरून राहिली ती माणसं. ज्यांचं नाव मूळ रजिस्टरमध्ये नव्हतंच.

प्रोक्युरमेंट आणि क्लोजिंग: हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. सगळे म्हणतात, दोन-तीन प्रश्न येतील, सोडून दे. शकुंतला बघा. मालकी कंपनीची, गाडी चालवणार जीआयपी, आणि त्याबद्दल कंपनीला मोबदला. १९२५ मध्ये जीआयपी सरकारने घेतली. १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. देशातल्या रेल्वे एकामागून एक सरकारजमा झाल्या, पण ही लाइन खाजगी कंपनीच्याच मालकीची राहिली. करार पुढे पुढे सरकत राहिला, स्वतंत्र भारताची रेल्वे गाडी चालवत राहिली आणि मोबदला कंपनीच्या खात्यावर लागत राहिला. आता रॅसी तक्ता काढा. गाडी चालवायची जबाबदारी कुणाची, ते लगेच लिहिता येतं. पण पन्नास वर्षांनी रूळ बदलायला पैसा कुणी घालायचा? चालवणारा म्हणेल, लाइन माझी नाही. मालक म्हणेल, गाडी माझी नाही. 'अकाउंटेबल' म्हणजे एकच माणूस, हा नियम पुस्तकात इतक्या ठिकाणी का आहे, ते मला या एका चौकटीने शिकवलं.

मग व्हायचं तेच झालं. रूळ थकले, वेग उतरत गेला, ११३ किलोमीटरला अख्खा दिवस जाऊ लागला, आणि २०१० च्या दशकात दोन्ही फाट्यांवरच्या गाड्या एकामागून एक थांबल्या. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या. गाडी पुन्हा चालू करा म्हणून लोकांनी आंदोलनं केली. मूर्तिजापूरला या रुळांच्या कडेने चाललं की झुडपं दिसतात. क्लोजिंग म्हणजे शेवटची मेल आणि टीम लंच असं आपल्याला वाटतं. क्लोजिंग म्हणजे 'उद्यापासून हे कुणाचं' याचं लेखी उत्तर.

याच्या शेजारी कोकण रेल्वे ठेवून बघा, तुलना छान होते. १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ, २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला. जमीन कुणाची, पैसा कुणाचा, चालवणार कोण, याची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली. (तिथेही अडचणी कमी नव्हत्या, पण तो वेगळा लेख.)

आता थोडं पद्धतीबद्दल. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांचे दोन प्रकार तपासले: उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे, आणि एकदा वाचून न बघता आठवून लिहिणारे. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून त्या दहा ओळी पुस्तक मिटूनच लिहायच्या, तीन दिवसांनी परत, दहा दिवसांनी परत. सराव परीक्षेतलं चुकलेलं उत्तर वहीत उतरवताना बरोबर पर्याय लिहायचा नाही. आपण चुकीचा पर्याय का निवडला ते एका वाक्यात लिहायचं. आणि घड्याळ लावायचं. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या रचनेत २३० मिनिटांत १८० प्रश्न होते, म्हणजे प्रश्नाला ७७ सेकंदांच्या आत. फॉर्म भरण्याआधी पीएमआयची ताजी रूपरेषा बघून घ्या, ती बदलत असते.

तुम्ही मूर्तिजापूरचे नसाल तर शकुंतलाच घ्या असा आग्रह नाही. तुमच्या गावात एखादं धरण असेल, बंद पडलेली सूतगिरणी असेल, वीस वर्षं रखडलेला उड्डाणपूल असेल. शनिवारी तिथे जाऊन या, म्हाताऱ्यांशी बोला, आणि एकच विचारा: हे सुरू कुणी केलं, आणि आता हे कुणाचं आहे? पहिल्याचं उत्तर बहुतेक सगळे देतात. दुसऱ्याचं मिळालं नाही, तर अभ्यासाला तोच प्रोजेक्ट धरा.