जुन्या मोटारीचं दान आणि तिची किंमत

अमेरिकेत ज्या मोटारीला ‘फुल-साइझ सेडान’ म्हणतात, ती आपल्या डोळ्यांना जहाजच वाटावी. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया घ्या. साडेसतरा फुटांहून लांब, पुढं आठ सिलिंडरचं इंजिन, मागं अर्धा संसार मावेल एवढी डिकी. आपली अँबॅसिडर चौदा फुटांच्या जेमतेम पुढं जायची. पोलीस, टॅक्सीवाले आणि निवृत्त मंडळी ही या गाडीची ठरलेली गिऱ्हाइकं. म्हातारा माणूस ती जपून चालवतो, आणि तो गेला किंवा त्याची नजर गेली की ती घरापुढं नुसती उभी राहते. यंत्र ठणठणीत, पण पेट्रोल इतकं पिते की जुन्या बाजारात कुणी विचारत नाही. मुलं परगावी. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, देऊन टाकू धर्मादायाला. संस्था गाडी फुकट ओढून नेते, पावती देते, जागा मोकळी होते.

या पावतीला मोल आलं ते १९१७ सालापासून. पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी अमेरिकेनं आयकर खूप वाढवला. श्रीमंतांनी आता कॉलेजांना, इस्पितळांना देणं बंद केलं तर काय, या धास्तीनं दानाची रक्कम उत्पन्नातून वजा करायची मुभा दिली, उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंत. पुढं पैशाप्रमाणे वस्तूही चालू लागल्या, बाजारभावानं. आपल्या आयकराचं ८०जी कलम वस्तूच्या दानाला सवलत देत नाही, फक्त पैशाला देतं. दिलेल्या वस्तूचा भाव कुणी सांगायचा, ही भानगड त्यामुळे आपल्याकडं उभीच राहिली नाही. तिथं ती चांगलीच राहिली.

मोटारीचा भाव सांगत होता दाताच. लॉस एंजेलिसच्या केली नावाच्या मोटारविक्रेत्यानं १९२६ साली जुन्या गाड्यांच्या भावांचं पुस्तक काढलं, ‘ब्लू बुक’. त्यात बघून आकडा लिहायचा. आणि माणूस म्हटलं की आपल्या गाडीचा दरवाजा लागत नाही हे विसरून उत्तम स्थितीतल्या गाडीचाच आकडा लिहिणार! हिशोब करून बघा. समजा पुस्तकात भाव ३,००० डॉलर. संस्थेला गाडी चालवायची नसते, ती लिलावात काढते आणि ४०० येतात. हे सगळं बघणारा मध्यस्थ असतो, तो आपला वाटा, ओढून नेण्याचा खर्च, जाहिरात वळती करून घेतो. संस्थेच्या हाती पडले समजा १५०. पण दात्यानं ३,००० वजा केले. २००० साली २८ टक्क्यांचा कर भरणारा असेल तर त्याचे ८४० डॉलर वाचले. म्हणजे गरिबाला १५० मिळावेत म्हणून सरकारनं ८४० सोडले. देवळातली बोली ऐकत वाढलेल्या बाईला याची फार गंमत वाटते. आमच्याकडं बोली चढत जाते, आणि जेवढी बोलली तेवढी मोजावी लागते. इथं तोंडानं एक बोलायचं आणि लिलावानं भलतंच मोजायचं.

हे माझं गणित झालं, पण खरं चित्रही काही वेगळं नव्हतं. अमेरिकी संसदेच्या हिशोब-तपासणी कार्यालयानं नोव्हेंबर २००३ मध्ये अहवाल दिला. २००० या करवर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी मोटारदानाची सवलत घेतली होती, आणि त्यांचा कर मिळून ६५ कोटी ४० लाख डॉलरनं कमी झाला होता. कार्यालयानं ५४ गाड्यांचा माग शेवटपर्यंत काढला. त्यातल्या दोन तृतीयांश गाड्यांत संस्थेला मिळालेली रक्कम दात्यानं सांगितलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी होती. शंभर सांगितले, पाच पोचले!

सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष चार्ल्स ग्रासली यांनी हा विषय लावून धरला. २२ ऑक्टोबर २००४ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या कायद्यात नियम आला, १ जानेवारी २००५ पासून लागू. ५०० डॉलरच्या वरची सवलत हवी तर संस्थेनं गाडी जेवढ्याला विकली तेवढीच वजा करा. वरच्या गाडीला आता ३,००० नाही, फार तर ५०० ची सवलत. दाव्यांची संख्या पहिल्याच वर्षी कोसळली. संस्थांनी ओरड केली, आणि त्यांच्या बाजूनं ती खरीही होती, कारण १५० गेले ते त्यांचेच. तरी मला विचाराल तर कायदा बरोबर होता. दानाच्या नावावर चाललेला तो कर-बाजार होता.

त्यातलं शहाणपण मात्र अपवादांत आहे. संस्थेनं गाडी विकली नाही, खरोखर वापरली, तर दात्याला पूर्ण बाजारभाव मिळतो. वापर म्हणजे चार फेऱ्या नव्हेत. वर्षभर रोज गरजूंच्या घरी जेवण पोचवणं, असं उदाहरणच कर खात्यानं दिलं. मोठी दुरुस्ती केली तरी मिळतो, पण रंग मारला, धुतली-पुसली ही दुरुस्ती धरत नाहीत. आणि संस्थेनं गाडी गरजू माणसाला फुकट किंवा अगदी थोडक्यात दिली, तरीही पूर्ण भाव.

हे तिसरं कलम वरवर छोटं दिसतं. पण १९९६ साली अमेरिकेनं गरिबांची मदत कामाला बांधली: काम करा, तर पैसे. आता व्हरमाँटसारख्या डोंगराळ राज्यात, जिथं खेड्यात बस येत नाही, तिथं पोराला पाळणाघरात सोडून बाईनं कामावर जायचं कसं? त्याच वर्षी तिथल्या बर्लिंग्टन गावात ‘गुड न्यूज गॅरेज’ सुरू झालं. दान आलेल्या गाड्या मेकॅनिक तपासून, दुरुस्त करून अशा घरांना द्यायच्या. लिलावात ४०० ला गेलेली गाडी भंगारातही जाऊ शकते. तीच इथं एका घराची नोकरी टिकवते. पुढचं अख्खं बाकडं असलेल्या जुन्या सेडानमध्ये सहा माणसं बसतात, ही सोय वेगळीच. पेट्रोल मात्र त्या बाईलाच घालावं लागतं, आणि आठ सिलिंडरांची भूक पगाराला झेपत नाही, हेही खरं.

२०१७ च्या करकायद्यानं सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट केली, जोडप्याला २०१८ मध्ये २४,००० डॉलर. तेव्हापासून बहुतेक घरांना दानाचा वेगळा हिशोब मांडण्यात फायदाच उरला नाही. सवलत संपली, तरी गाड्या येतातच. क्राउन व्हिक्टोरिया २०११ साली बनायची थांबली, राहिलेल्या हळूहळू म्हाताऱ्यांच्या अंगणातून निघतात. त्यांच्यामागं १०९८-सी नावाचा अर्ज निघतो. त्यात गाडी लिलावात कितीला गेली याचा एक रकाना आहे, आणि गाडी गरजूला दिली असेल तर खूण करायची एक चौकट. ती चौकट भरते संस्था. देणाऱ्यानं आधी फोन करून विचारलं, तर ती कोणती भरणार हे त्याला गाडी जायच्या आधीच कळू शकतं.