शब्दांध मुलगा आणि मेंदूचे शास्त्र

मेंदूच्या शास्त्राविषयी बोलावयाचे म्हणजे आरंभ कोठून करावा हाच प्रश्न पडतो. हे शास्त्र आज रुग्णालयात आहे, न्यायालयात आहे; १९४३ साली मॅक्‌कलक आणि पिट्स या अमेरिकन संशोधकांनी मज्जापेशीचे गणिती रूप मांडले, तेव्हापासून ते गणकयंत्रे घडविणाऱ्यांच्याही कामी आले आहे. परंतु मी पडलो शाळामास्तर. हे शास्त्र शाळेच्या वर्गात कसे येऊन पोहोचले, तेवढेच मी आज सांगणार आहे.

१८६१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात एक मनुष्य मरण पावला. एकवीस वर्षे तो तेथे होता आणि कोणी काहीही विचारले तरी ‘तां, तां’ एवढेच त्याच्या तोंडून निघे. लोकांचे बोलणे मात्र त्याला पुष्कळसे समजत असे. पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूस पुढील भागात इजा आढळली. वाचा ही मेंदूतील विशिष्ट जागेवर अवलंबून असते, या मताला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याचे साधन त्या काळी नव्हते. रोग्याच्या हयातीत त्याचे बारीक निरीक्षण करावयाचे आणि मृत्यूनंतर कवटी उघडावयाची, एवढाच मार्ग होता.

त्याच मार्गाने पुढे ज्यूल देजेरीन या फ्रेंच वैद्याला एक अजब प्रकार आढळला. पॅरिसमधील एक सुशिक्षित, संगीताची आवड असलेला कापडाचा व्यापारी १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये एकाएकी वाचन गमावून बसला. चष्मा बदलावा लागेल असे समजून तो नेत्रवैद्याकडे गेला. अक्षर त्याला दिसत होते, त्याची नक्कलही तो हुबेहूब करी. परंतु ते कोणते अक्षर, हे काही केल्या कळेना. आणि गंमत अशी की, त्याला लिहिता येत होते! स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर तेवढा वाचता येत नसे. अक्षरावरून बोट फिरविले की मात्र त्याचे नाव त्याला आठवे. ही बोटाची गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे. १८९२ साली तो वारला. मेंदूच्या डाव्या गोलार्धात, मागील भागी, इजा होती. दिसलेल्या अक्षराने वाणीच्या केंद्राकडे जावयाचे, ती वाटच तुटली होती.

ग्लासगो येथील नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांच्याकडे आलेला रोगी तर माझ्याच व्यवसायातला. फ्रेंच व जर्मन शिकविणारे हे गृहस्थ; विद्यार्थ्याची वही तपासावयास घेतली आणि तीतील एक शब्दही वाचता येईना! १८९५ साली हिन्शेलवुड यांनी हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो वाचून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरच्या मनात एक शंका आली. प्रौढ माणसाला इजा झाल्यावर जे होते, तेच एखाद्या मुलाला जन्मतःच असेल तर?

१८९६ च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मॉर्गन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत दिली. मुलगा निकोप, चुणचुणीत, खेळात कोणाला हार न जाणारा. सातव्या वर्षापासून त्याला शिकविण्याची पराकाष्ठा झाली होती; तरी साधे शब्द त्याला वाचता येत नसत आणि स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल होई. परंतु ७८५८५२०१७ हा आकडा त्याने सहज वाचला, ७४९ ला ८६७ ने गुणून बरोबर उत्तर काढले. सगळे शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याला अनेक वर्षे शिकविलेल्या मास्तरांचे मत होते. मला त्या मास्तरांचा हेवा वाटतो. १८९६ साली त्यांना जे दिसले, ते मला एकविसाव्या शतकात दिसले नाही.

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील ही गोष्ट आहे. वर्गात एक मुलगा होता. मराठीचा धडा तो घडाघडा म्हणे. एकदा मी त्याच्या बाकाशेजारी जाऊन उभा राहिलो, तर धडा अकरावा चालू आणि पुस्तक उघडलेले नवव्या धड्यावर! शेजारच्या मुलाकडून ऐकून त्याने सारे पाठ केले होते. एवढे पाठ करावयास किती बुद्धी लागते, हा विचार मला शिवला नाही. लबाडी पकडली म्हणून मी त्याला वर्गासमोर उभे केले. “सर, येत नाही,” एवढेच तो म्हणाला. त्या वर्षी त्याने शाळा सोडली. पुढे २००७ साली ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट पाहताना मी अंधारात बसून घामाघूम झालो.

असो. मॉर्गन यांच्यानंतर अमेरिकेत आयोवा येथे सॅम्युएल ऑर्टन या वैद्याने १९२५ साली शाळकरी मुलांतील शब्दांधतेवर निबंध प्रसिद्ध केला. मेंदूच्या दोन गोलार्धांच्या ओढाताणीने अक्षरे उलटी होतात, ही त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. आज बहुतेक शास्त्रज्ञ असे मानतात की, खरी अडचण बहुधा डोळ्यांत नसून, बोललेल्या शब्दातील ध्वनी सुटे करून त्यांची अक्षरांशी सांगड घालण्यात असते. परंतु ऑर्टन यांचा उपाय चांगला निघाला. डोळ्यांनी पाहावे, तोंडाने उच्चारावे आणि बोटाने गिरवावे. ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेने त्याची रीतसर पद्धत बसविली. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेतील धुळाक्षरे याहून फारशी निराळी नव्हती. छडी तेवढी वजा करावी.

आता कवटी उघडल्यावाचून मेंदूचे काम पाहता येते. १९९० च्या सुमारास रक्तातील प्राणवायूच्या खुणेवरून मेंदूची चित्रे घेण्याची युक्ती निघाली. २००० साली कोएन, देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिखित शब्द ओळखणारी जागा दाखविली. ती देजेरीन यांनी दाखविलेल्या भागाच्या जवळपासच निघाली. लेखनकला जेमतेम पाच हजार वर्षांची. म्हणजे वाचनाकरिता निसर्गाने मेंदूत वेगळी खोली बांधलेली नाही, दुसऱ्याच कामाच्या खोलीत आपण बिऱ्हाड थाटतो. हे बिऱ्हाड प्रौढपणीही थाटता येते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकविली, तर त्यांच्या मेंदूच्या खोलवरच्या भागांतही बदल आढळले. आपली लिपी सोपी आहे असे आपण म्हणतो. परंतु ‘कि’ लिहिताना उच्चारात मागून येणारी वेलांटी डावीकडे आधी उभी असते, हे मुलाने कसे समजावे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अडचण आपल्या देशात मान्य केली आहे. याच शास्त्राचे नाव घेऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचावयास शिकवू म्हणणारे वर्गही निघाले. पालकांनी तेथे एक रुपयाही देऊ नये.

जूनमध्ये नवीन मुले आली की पुस्तक उघडण्यापूर्वी मी प्रत्येकाला जवळ बोलावून विचारतो, “बाळ, ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरले?” ज्याला सांगता येत नाही, त्याचे नाव वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवतो. कपाटात एक पितळी ताट आणि डबाभर बारीक वाळू आहे, ती त्याच्याकरिता.