पोटखराबा

आमच्या सातबाऱ्यावर घरामागच्या सड्याचा बराचसा भाग 'पोटखराबा' म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे लागवडीला अयोग्य. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. मे महिन्यात त्यावर पाय ठेववत नाही आणि जुलैत गुडघाभर गवत असतं. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, "यात खराब काय आहे?" ते म्हणाले, "भात होत नाही म्हणून खराब. गुरं चरतात ते कोण लिहितो?"

हा शब्द परत आठवला तो पोखरणबद्दल वाचताना. 1998च्या चाचण्यांच्या वेळी मी वर्षाचाही नव्हतो. इंजिनिअरिंगला असताना 11 मे हा राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन म्हणून साजरा व्हायचा. भाषणांत शास्त्रज्ञ असायचे, अमेरिकी उपग्रहांना दिलेली हूल असायची. जागेबद्दल मात्र एवढंच, की 'राजस्थानच्या निर्जन वाळवंटात'.

ती जागा ठरली पाण्यावरून. भूमिगत चाचणीला खोल आणि कोरडा शाफ्ट लागतो. पाणी लागलं तर खोदकाम अडतं, शिवाय किरणोत्सारी द्रव्यं भूजलात मिसळण्याचा धोका असतो. 1974च्या चाचणीसाठी लष्कराच्या इंजिनिअर तुकडीने खणलेल्या पहिल्या शाफ्टला पाणी लागलं आणि तो सोडून द्यावा लागला. मग दुसरी जागा निवडली ती मलका या ओस पडलेल्या गावाजवळ. तिथल्या विहिरी कोरड्या होत्या. 18 मे 1974 रोजी सकाळी 8 वाजून 5 मिनिटांनी, जमिनीखाली 107 मीटरवर स्फोट झाला. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात. तिथे पाणी लागणं हाच अपशकुन होता.

मलका ओस पडलं होतं, पण आजूबाजूचा मुलूख निर्जन नव्हता. खेतोलाई हे बिश्नोईंचं गाव 1998च्या स्फोटांच्या जागेपासून जेमतेम पाच किलोमीटरवर. 11 मेला लष्कराने गावकऱ्यांना काही तास आधी घराबाहेर काढलं. दुपारी पावणेचारला जमीन हादरली, घरांना आणि पाण्याच्या टाक्यांना तडे गेले. त्या भूगोलाच्या धड्यात खेतोलाई मला कधी भेटलं नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. सोव्हिएत संघाने कझाकस्तानातला सेमिपलातिन्स्कचा सुमारे 18,000 चौरस किलोमीटरचा गवताळ प्रदेश असाच रिकामा मानला. तिथे 1949 ते 1989 या काळात 456 चाचण्या झाल्या. कडेची गावं गुरं राखत तिथेच राहत होती. 29 ऑगस्ट 1991 रोजी ते केंद्र बंद झालं, आजार मात्र मागे राहिले.

अणुबॉम्ब आणि अणुवीज या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. विजेची गरजही कळते. तरी जैतापूर प्रकल्पासाठी माडबन आणि शेजारच्या गावांची 938 हेक्टर जमीन घेतली गेली, तेव्हा सरकारी बाजूने सांगितलं गेलं की यातली बहुतेक जमीन ओसाड आहे. गावकरी आंबा, काजू आणि चराई दाखवत राहिले. प्रकल्प हवा की नको, यावर माझ्या घरातही एकमत नाही. पण वाद सुरू होण्याआधीच एका शब्दाने निम्मा निकाल लावलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात सड्यावर गेलो. शेजारच्यांची गुरं चरत होती. सातबाऱ्यावर अजून पोटखराबाच आहे.