पैठणची गारगोटी, रोमची अंगठी

शिल्प म्हटलें कीं देवळाचा गाभारा, राजवाड्याचें प्रांगण किंवा चौकांतला पुतळा डोळ्यांपुढें उभा राहतो. शिल्पानें आपल्या जागीं राहावयाचें आणि पाहणारानें त्याच्याकडे चालत जावयाचें, असा सर्वसाधारण रिवाज आहे. परंतु माणसाबरोबर हिंडणारें, त्याच्या बोटांत किंवा गळ्यांत बसून दरबारांत आणि रणांगणावर जाणारें शिल्पहि एके काळीं मोठ्या मानाला चढलें होतें. तें संगमरवराचें नव्हतें. आणि त्याला लागणारा दगड कित्येकदां दख्खनच्या मातींतून निघून समुद्रापार गेलेला असे, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत नसते.

दख्खनचें पठार सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचें बनलेलें आहे. तो रस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले व पोंकळ्या राहिल्या. गारेचा अंश विरघळलेलें पाणी पुढें युगानुयुगें त्या पोंकळ्यांत झिरपत राहिलें आणि थरावर थर सांचत गेला. पावसाळा सरल्यावर शेताच्या बांधावर उघड्या पडणाऱ्या ज्या गारगोट्या मुलें एकमेकींवर आपटून ठिणग्या पाडतात, त्यांच्याच कुळांतला हा दगड. त्यालाच अकीक म्हणतात. एकाद्या तुकड्यांत हे थर सरळ, समांतर बसतात. एक तांबूस-तपकिरी, त्यावर दुधासारखा पांढरा, त्यावर पुन्हां तपकिरी. अशा पट्टेदार दगडास आपल्याकडील जवाहिरे सुलेमानी म्हणतात. ग्रीक आणि रोमन लोक त्याला ऑनिक्स, आणि तपकिरी थर असला तर सार्डोनिक्स, म्हणत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ईजिप्तमधून तांबड्या समुद्राच्या वाटेनें हिंदुस्थानाशीं व्यापार करणाऱ्या एका ग्रीक भाषिकानें लिहिलेली वाटाड्यासारखी एक लहानशी वही आज उपलब्ध आहे. ‘पेरिप्लस’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. लिहिणारानें आपलें नांव मात्र कोठेंच सांगितलेलें नाहीं. भडोच बंदराला तो बारिगाझा म्हणतो. तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस सुमारें दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, अशीं दोन व्यापारी शहरें त्यानें नोंदलीं आहेत. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून भडोचेस आणीत. तगरहून तर्‍हेतर्‍हेचें कापड येई. आणि पैठणहून, तो लिहितो, ऑनिक्स दगड फार मोठ्या प्रमाणावर येई. पैठण म्हटलें कीं आज पैठणीचा पदर आठवतो. सातवाहनांच्या त्या राजधानीच्या नांवापुढें या परक्या व्यापाऱ्यानें लिहिला तो दगड! नेवासें, तेर, भोकरदन येथील उत्खननांत अकीकाचे मणी सांपडले आहेत, त्यावरून ही नोंद नुसती ऐकीव नव्हती हें कळतें. रोममधला प्रत्येक सार्डोनिक्स दख्खनचाच होता असें अर्थात् समजूं नये. अरबस्तानांतूनहि तो येत असे. परंतु हिंदुस्थानी दगडाची गणना वेगळी होई.

हा दगड कोरणें हें संगमरवर कोरण्यासारखें नव्हे. खनिजांचा कठिणपणा मोजण्याचें जें दहा अंकांचें माप आहे, त्यांत संगमरवर तिसऱ्या पायरीवर येतो आणि अकीक सातव्या. संगमरवरावर पोलादी छिन्नी चालते. अकीकावर पोलादाचा ओरखडासुद्धां उठत नाहीं. त्यामुळें येथें कापणें किंवा ठोकणें नाहींच, केवळ झिजविणें. नॅक्सॉस बेटावरचा कुरुंदाचा चुरा तेलांत कालवून फिरत्या हत्याराच्या टोंकाला लावावयाचा, आणि कणाकणानें दगड खात जावयाचें. हिऱ्याच्या कण्या लोखंडांत बसवून त्यांनीं कोरीत, हें रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंहि सांगितलें आहे. आकृति दगडांत खोल उतरविली कीं तिची मोहर होते. लाखेवर वा मेणावर दाबली कीं उठाव उमटतो. याच्या उलट, आकृति वर ठेवून भोंवतालचा दगड झिजवून टाकला म्हणजे तिला कॅमिओ म्हणतात. कॅमिओ कोरणाराची खरी परीक्षा थरांशीं असते. पांढऱ्या थरांतून चेहरा काढावयाचा, वरच्या तपकिरी थरांतून केंस, मुकुट किंवा झगा. आणि खालचा गडद थर पार्श्वभूमि म्हणून मोकळा सोडावयाचा. पांढरा थर ज्या जागीं पातळ आहे तेथें गाल फुगवितां येत नाहीं. निसर्गानें आधींच आंखून दिलेल्या चौकटींत मूर्ति शोधावी लागते, आणि हात एकदां चुकला कीं दुरुस्ती नाहीं.

रोमला या दगडाची गोडी सिपिओ आफ्रिकानस यानें लाविली, अशी एक परंपरा प्लिनीनें दिली आहे. सार्डोनिक्स धारण करणारा तो पहिला रोमन म्हणे. व्यावहारिक कारणहि होतें: या दगडाच्या मोहरेला मेण चिकटून येत नाहीं. त्या काळीं सहीचें काम मोहर करीत असे, तेव्हां बोटांतली अंगठी म्हणजे माणसाचा शब्द. सम्राट् ऑगस्टस (इ. स. पू. २७ ते इ. स. १४) प्रथम स्फिंक्सची मोहर वापरी. आईच्या अंगठ्यांत त्याला हुबेहूब सारख्या अशा दोन सांपडल्या होत्या, आणि यादवी युद्धाच्या दिवसांत तो दूर असतां त्याचे मित्र दुसरीनें त्याच्या नांवें आज्ञापत्रें काढीत. लोक म्हणूं लागले कीं स्फिंक्स कोडीं घालणारच! पुढें त्यानें अलेक्झांडरची मुद्रा घेतली, आणि शेवटीं डायोस्कुरिडीस नांवाच्या कारागिराकडून स्वतःची प्रतिमा कोरून घेतली. तीच मोहर नंतरचे सम्राट् वापरीत राहिले. या डायोस्कुरिडीसनें आपलें नांव दगडांवर कोरून ठेवलें आहे, आणि त्याच्या मुलांनींहि ‘डायोस्कुरिडीसचा पुत्र’ अशा सह्या केल्या आहेत. नखाएवढ्या दगडावर केंसाएवढ्या रेषांनीं सही करण्याइतका त्या लोकांना आपल्या कलेचा अभिमान होता. व्हिएन्नांतील ‘जेम्मा ऑगस्टिया’ हा १९ सेंटिमीटर उंच व २३ सेंटिमीटर रुंद कॅमिओ त्याचाच असावा असा तर्क आहे. पॅरिसमधला महा-कॅमिओ तर सुमारें ३१ सेंटिमीटर उंच आहे; पण हे दोन्ही अंगावर घालण्याचे नव्हतच. दागिना म्हणून जें मिरवलें तें अंगठीच्या आणि पदकाच्या मापाचें.

आवड वाढली तशी लबाडीहि वाढली. काळा, पांढरा आणि तांबडा असे तीन निरनिराळे दगड चिकटवून बनावट सार्डोनिक्स करतात, अशी तक्रार प्लिनीनें नोंदली आहे. मग अस्सल हिंदुस्थानी दगड ओळखावयाचा कसा? इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हिअसच्या उद्रेकांत मरण पावलेल्या या ग्रंथकारानें आपल्या ३७ खंडांच्या ग्रंथाच्या शेवटच्या खंडांत जी खूण दिली आहे ती फार बोलकी आहे. हिंदुस्थानांत पाण्याच्या लोंढ्यांनीं हे दगड उघडे पडतात, तेथील सामान्य लोक त्यांना भोंकें पाडून गळ्यांत घालतात, आणि भोंक असणें हाच आतां हिंदुस्थानी दगडाचा पुरावा होय, असें तो म्हणतो. हिंदुस्थानाच्या व्यापारापायीं दर वर्षीं पांच कोटि सेस्टर्स बाहेर जातात म्हणून हळहळणारा हाच गृहस्थ. त्याच्या शब्दांत थोडी तुच्छता आहे. पण त्यानें सांगितलेली खूण खरी ठरली. कांहीं रोमन कॅमिओंच्या व मोहरांच्या अंगांत आरपार गेलेला जुना वेज आजहि दिसतो. तो त्या चित्राच्या कांहींच कामाचा नाहीं. हा दगड आधीं मणी होता, कोणाच्या तरी गळ्यांत होता किंवा त्यासाठीं घडला होता. रोमन कोरक्यानें तो फोडून वा घासून त्यावर राजाचें तोंड काढलें.

तोंड काढणाराचें नांव राहिलें, वेज पाडणाराचें राहिलें नाहीं. दोन्ही कामांचा तराजूच घ्यावयाचा तर वेजाचें पारडें हलकें मानण्यास कारण दिसत नाहीं. सिंधु संस्कृतीच्या काळांतच, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं, चन्हुदारो आणि लोथल येथें मण्यांचे कारखाने होते, आणि वीतभर नसले तरी चार बोटांहून लांब अशा लाल अकीकाच्या मण्यांना आरपार वेज पाडीत. त्या काळचे सिंधु बनावटीचे मणी मेसोपोटेमियांतील ऊर येथल्या राजकबरींतून निघाले आहेत. एवढ्या लांब दगडांत सुईसारखें छिद्र दोन्ही टोंकांकडून पाडीत यावयाचें आणि दोन्ही बोगदे मध्यावर एकमेकांस गांठले पाहिजेत; जरा कल गेला तर कित्येक दिवसांच्या श्रमाचा मणी फुटून वायां.

गुजराथेंतील खंभायत येथें ही विद्या जिवंत राहिली. दगड यावयाचा राजपीपळ्याच्या डोंगरांतील रतनपूरच्या खाणींतून. तेथें बाबा घोर नांवाच्या हबशी संताचा दर्गा आहे. तो आफ्रिकेंतून येऊन अकीकाच्या व्यापारांत पडला अशी आख्यायिका आहे, आणि सिद्दी समाज त्याला आपला पीर मानतो. खाणींतला पिवळट दगड प्रथम उन्हांत वाळवितात, मग मडक्यांत घालून शेणाच्या मंद आंचेवर भाजतात. आंतील लोहाच्या अंशामुळें पिवळ्याचा तांबडा होतो. पुढें घडणारा कारागीर जमिनींत तिरपी रोवलेली अणकुचीदार लोखंडी कांब समोर घेतो, दगड तिच्या टोंकावर टेकवितो आणि म्हशीच्या शिंगाची डोकी असलेल्या हलक्या हातोडीनें वरून टिचक्या मारतो. टवका उडतो तो खालून, लोखंडाच्या टोंकापाशीं. ज्यानें हें पाहिलें नाहीं त्याला हातोडीनेंच दगड फुटतो असें वाटेल. वेजासाठीं धनुष्याच्या दोरीनें फिरणारा सामता, आणि त्याच्या टोंकाला हिऱ्याच्या दोन इवल्या कण्या. लांकडी पकडींत धरलेल्या मण्यावर थेंब थेंब पाणी सोडीत तो फिरवितात. झिलई देण्यासाठीं मणी कातडी पिशवींत कुरुंदाच्या चुऱ्यासह भरून ती पिशवी दोघांनीं एकमेकांकडे लोळवीत राहावयाची, अशी जुनी रीत होती.

या सर्व कामांत दगडाचें पीठ होतें. तें पीठ श्वासाबरोबर आंत गेलें म्हणजे फुप्फुसांत वण पडत जातात आणि दम कोंडूं लागतो. सिलिकोसिस असें त्या रोगाचें नांव आहे आणि त्यावर औषध नाहीं. घासण्याचें चाक पूर्वीं हातानें फिरे. वीज आल्यावर तें वेगानें फिरूं लागलें आणि धूळहि त्याच वेगानें उडूं लागली. खंभायतेंत हें काम पुष्कळसें घराच्या ओसरीवर चालतें, त्यामुळें धंदा न करणाऱ्या घरच्या बायकांमुलांच्या छातींतहि तें पीठ उतरलेलें वैद्यकीय तपासणींत आढळलें आहे. वेज पाडतांना मण्यावर पाण्याचे थेंब पडत असतात, म्हणून तेथली धूळ जागच्या जागीं बसते. घासण्याच्या चाकावर दगड कोरडाच धरतात.